दांडा गप्प झाला तेव्हा

यंत्र घरात आलं त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांनी त्याच्याशी भांडण काढलं, आणि तेही उंबऱ्यावरून. भिंतीवरच्या पांढऱ्या डबीनं गोड बायकी आवाजात सांगितलं की, आपला उंबरा भरतीच्या रेषेपासून अमुक इतका उंच आहे. बाबांनी मान हलवली. म्हणाले, साफ चूक. शिमग्याआधी नवा उंबरा बसवलाय, चार बोटं वर. मी दुरुस्ती केली, डबी "आभारी आहे" म्हणाली, आणि बाबा खूष झाले. तेव्हापासून ती त्यांच्या लेखी माझी बहीण झाली. सकाळी चहाची कपबशी हातात घेतली की विचारायचे, "काय म्हणता तुझी भयण? आज दर्या कसो?"

बाबा म्हणजे दिगंबर खोबरेकर, मोरवेळच्या रापणीचे तांडेल, तिचे म्होरके. रापण म्हणजे साऱ्या गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं. होडी खाडीच्या तोंडाशी वळसा घालून जाळं टाकत येते आणि पुळणीवर, म्हणजे वाळूच्या काठावर, उभी असलेली बायामाणसं दोन्हीकडून दोऱ्या ओढतात. दोरीला हात लावला त्याला मासळीत वाटा, आणि बोलण्याचा हक्कही. काठावर नुसतं उभं राहून सल्ले देणाऱ्याचं मोरवेळमध्ये कुणी ऐकत नाही. दुसरा नियम असा की, एकदा धरलेली दोरी तांडेलानं "सोड" म्हटल्याखेरीज सोडायची नाही. एकानं मधेच हात काढला तर बाकीचे तोंडावर पडतात, म्हणून.

मी चिपळूणची. लग्न होऊन इथं आले तेव्हा दोरी धरायची कशी तेही मला ठाऊक नव्हतं. मालवणच्या किनारा केंद्रात मी लाटांचं गणित करायची, आणि निहिरा झाल्यापासून तेच घरी बसून करत होते, ती झोपेल तेवढ्या वेळात. नवरा, चिन्मय, गोव्याच्या गोदीत, पंधरवड्यानं यायचा. त्यामुळे घरात आम्ही तीन मोठी माणसं, एक सात महिन्यांची, आणि भिंतीवर माझी बहीण.

ही बहीण नेमकं काय करायची ते सांगायला हवं. वादळ किनाऱ्याकडे येतं ते दोन गोष्टी घेऊन. एक पाण्याचा फुगवटा. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी, म्हणून तिथलं पाणी थोडं उचललं जातं. पण खरं काम वारा करतो. तो तासन्‌तास पाण्याला जमिनीकडे रेटत राहतो, आणि उथळ जागी त्या पाण्याला परत फिरायला वाट मिळत नाही. समुद्रच्या समुद्र वर चढतो. दुसरी गोष्ट लाटा, त्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येणाऱ्या. कितीतरी वर्षं लोक या दोघांचं गणित वेगवेगळं मांडायचे आणि शेवटी बेरीज करायचे. समुद्र मात्र अशी बेरीज करत नाही. लाट फुटते तेव्हा आपला जोर पाण्याला देऊन टाकते, त्या जोरानं काठाजवळचं पाणी आणखी चढतं. म्हणजे लाटा फुगवट्याला वाढवतात. उलट, लाट फुटते ती तळाला अडखळून. पाणी चढून तळ खोल गेला की तिला अडखळायला काही उरत नाही, ती तशीच आत येते. म्हणजे फुगवटा लाटांना वाढवतो. दोघांना एकत्रच सोडवावं लागतं, पावलागणिक, एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगत.

हे मी एकदा सासूबाईंना भाकरी थापता थापता सांगितलं होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "म्हणजे सासू येगळी नि सून येगळी बघून घराचा कळूचा नाय. दोघींका एकाच चुलीपुढे उभी करून बघूक होया." केंद्रातल्या माझ्या वरिष्ठांना इतकं नेटकं कधी सांगता आलं नव्हतं. मी त्यांना ते कळवलंही.

या जोडगणिताचं नाव 'जुळणी'. खाडीबाहेर समुद्रात आम्ही तरंगते मापक सोडले होते. नारळाएवढे, म्हणून गाव त्यांना नारळच म्हणायचं. नारळ लाटांवर डोलायचे आणि किती डोललो ते कळवायचे. 'जुळणी' त्यावरून प्रत्येक घराचा वेगळा अंदाज काढायची आणि त्या त्या घरातल्या डबीतून सांगायची, पाणी कुणाच्या उंबऱ्याशी येईल आणि कुणाच्या नाही. तीन पावसाळे गेले, ती चुकली नाही.

गाव तिच्यावर विसंबलं, आणि विसंबता विसंबता थोडं बदललंही. पूर्वी वादळाची हूल उठली की तांडेल सांगेल तेव्हा सगळं गाव उठून टेकडीवरच्या शाळेत जायचं, म्हाताऱ्या, कोंबड्या, भांडणं सगळं बरोबर घेऊन. आता ज्याची डबी बोलेल तो निघायचा. वरच्या आळीतले लोक खिडकीतून खालच्या आळीला जाताना बघायचे आणि दार लावून घ्यायचे. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे चहा घेता घेता उंबऱ्याची उंची विचारू लागले. सासूबाईंना हे आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, शाळेत एका चटईवर झोपताना शेजारणीशी धरलेला अबोला सुटायचा, आता तो सुटायला जागाच उरली नाही. मी हसायची.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर 'सुरमा' नावाचं वादळ उठलं. ते आमच्यापासून दूर, समुद्रातूनच उत्तरेला सरकणार होतं. सकाळी डबी बोलली, या घराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार नाही, घरातच थांबावं. खालच्या आळीला निघायला सांगितलं, ती निघाली. बाबांनी अभिमानानं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग डोक्याला पंचा गुंडाळला आणि पुळणीवर गेले. रापणीची मोठी होडी अजून खालीच होती. पहाटेपासून लाटा इतक्या फुटत होत्या की तिला हात लावता येत नव्हता. जरा उसंत मिळाली की वर ओढायची, असं ठरलं होतं.

दुपारी मी निहिराला पाजत होते आणि एका डोळ्यानं संगणकाचा पडदा बघत होते. खाडीच्या तोंडासमोर पाण्याखाली वाळूचा एक लांब दांडा आहे. बाहेरून आलेल्या लाटा त्याच्यावर फुटतात, पांढरी रेघ दिसते आणि तिचा गडगडाट घरापर्यंत येतो. आमचा एक नारळ दांड्याच्या बाहेर होता, एक आत. बाहेरचा उंच डोलायचा, आतला जेमतेम. तीन वर्षं मी या दोघांतला फरक पाहत होते. दांडा जागेवर असल्याची ती खूण. आता दोन्ही नारळ सारखेच डोलत होते.

आणि माझ्या लक्षात आलं की बाहेरचा गडगडाट थांबलाय.

ही खूण मोरवेळमध्ये शेंबडं पोरही वाचतं. दांडा गप्प झाला की दर्या निवला. मग होड्या काढायच्या, जाळी टाकायची, जे करायचं ते करून घ्यायचं. एरवी ती शंभर टक्के खरी असते, कारण एरवी लाटा लहान झाल्या तरच त्या दांड्यावर फुटायच्या थांबतात. पण आज लाटा लहान झालेल्या नव्हत्या. पाणी चढलं होतं. दांडा खोल गेला होता आणि लाटा त्याच्यावरून न अडखळता आत येत होत्या. त्या आता पुळणीवर फुटणार होत्या, आणि फुटताना उरलंसुरलं पाणीही वर रेटणार होत्या.

मी बाबांना फोन लावला. तो स्वयंपाकघरात फळीवर वाजला. खाऱ्या पाण्यात जाताना ते फोन घरी ठेवतात.

केंद्राला कळवलं. तिथल्या मुलीनं सांगितलं की पुळण सकाळपासून बंद आहे, तिथं कुणी असायलाच नको; तरी माणसं पाठवते, पण रस्त्यावर झाडं पडली आहेत. मी भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं. ती गप्प होती. तिच्यापाशी मोरवेळच्या प्रत्येक घराचं उत्तर होतं. पुळणीला उंबरा नव्हता, म्हणून पुळणीबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सासूबाई दारात आल्या. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी निहिराला माझ्या हातातून उचललं. ती अर्ध्या पोटी होती, किंचाळली. मी म्हटलं, आई, तुम्ही सांगून बघता का, तुमचं ऐकतील. त्या म्हणाल्या, "माझा त्यांनी आजवर ऐकूक नाय. तुझा ऐकतले. जा."

पुळणीवर वारा एवढा होता की वाळू चेहऱ्याला टोचत होती. होडी अर्धी पाण्याबाहेर आली होती. तिच्याखाली आडवे ओंडके टाकले होते आणि दोन दोऱ्यांवर मिळून वीसेक माणसं होती, त्यांत चार बायका. पुढच्या दोरीच्या टोकाला बाबा. ओढताना तालावर हाका चालल्या होत्या आणि सगळे खुशीत होते, कारण दर्यानं उसंत दिली होती.

मी ओरडले, पाणी येतंय, निघा. कुणी वळूनही पाहिलं नाही. मागच्या दोरीवरचा लवूदादा, आमचा शेजारी, तेवढा म्हणाला, "वयनी, चेडू खय ठेवलंस? जा घराक, भिजतलंस." हाक पुन्हा उठली, होडी वीतभर सरकली.

मग मी पुढे गेले, बाबांच्या मागे जागा केली आणि दोरी धरली. काथ्या तळहातात रुतला. बाबांनी मान वळवली.

"तू कित्याक इलंस?" ते म्हणाले. "घर सुका ऱ्हवतला. तुझ्या भयणीनच सांगल्यान."

"घर सुकंच राहील, बाबा. पण तुम्ही घरात नाही आहात."

त्यांनी हनुवटीनं समुद्राकडे खूण केली. तिकडे पांढरी रेघ नव्हती, फक्त करडं, फुगलेलं पाणी. दांडो गप झालो, एवढंच म्हणाले, लहान मुलाला समजावतात तसं.

"गप्प नाही झाला, बुडला. लाटा होत्या तेवढ्याच आहेत. त्यांना तिथं अडखळायला काही राहिलं नाही, म्हणून त्या इथं येऊन फुटणार. आपण उभे आहोत तिथं." मी दोरी न सोडता विचारलं, "ओहोटी कधी लागली, बाबा?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना झोपेतही देता आलं असतं. ओहोटी सकाळीच लागली होती. पाणी आता पार खाली, काठच्या खडकांच्या मुळाशी असायला हवं होतं. त्यांनी पायाकडे पाहिलं. लाट येऊन त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत चढली आणि परत गेली. म्हणजे जायला हवी होती, गेली नाही. पाणी घोट्याशी तसंच रेंगाळलं. पुढची लाट त्या उभ्या पाण्यावरून आली आणि गुडघ्याला लागली.

मी त्यांच्या पाठीमागे होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मानेवरची शीर दिसत होती आणि दोरीवरची बोटं. ही होडी साऱ्या रापणीची होती. खालच्या आळीतल्या प्रत्येक घराचा तिच्यात वाटा होता, आणि ती घरं आज शाळेत चटईवर बसली होती. होडी अशी सोडून द्यायला लावणारा तांडेल उद्या कुणाच्या तोंडाकडे बघेल, हे मला कळत होतं. त्यांना माझ्याहून जास्त कळत असणार.

"सोडा," ते म्हणाले.

कुणी सोडली नाही. लवूदादा मागून ओरडला की आता दोन हाकांत वर येते, तांडेल, वेड लागलं काय.

बाबा वळले. "सोड म्हटलंय मी, लवू."

दोऱ्या सुटल्या. होडी ओंडक्यांवरून मागे घसरली आणि तिचा मागचा भाग पाण्यात गेला. आम्ही सुरूच्या झाडांकडे धावलो. धावताना बाबांनी माझा दंड धरला होता, इतका घट्ट की नंतर चार दिवस तिथं निळं होतं. सुरूच्या बनामागे चढ लागतो. तिथं पोहोचल्यावर मी मागे पाहिलं.

ती लाट मोठी वाटत नव्हती. पांढरी नव्हती, आवाज नव्हता. करड्या पाण्याची एक सलग पाठ, दांड्यावरून काही घडलंच नाही अशी आत येणारी. होडीपाशी ती उभी राहिली आणि मग फुटली. होडी आडवी होऊन सुरूच्या बुंध्यांवर आदळली ते आम्हाला आधी दिसलं, आवाज मागून आला. पाणी बनातून सरपटत आमच्या पायांशी येऊन थांबलं, आणि मागच्या लाटेनं त्याला आणखी हातभर वर ढकललं. ज्या जागी दोरी होती तिथं आता माणसाच्या डोक्यावरून पाणी होतं.

बाबांनी माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. मग पंच्यानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना शाळेत चला म्हणाले, वरच्या आळीतल्यांनाही. वाटेत त्यांनी प्रत्येक दार ठोठावलं. डबीनं नाही सांगितलं, असं म्हणणाऱ्याला ते म्हणत होते, डबी नाय, मी सांगतंय.

शाळेत सासूबाई, डबीचं न ऐकता, निहिराला घेऊन आधीच पोहोचल्या होत्या. तिला बघताच माझी छाती भरून आली आणि पोलकं ओलं झालं. पावसानं, खाऱ्या पाण्यानं आणि दुधानं एकाच वेळी. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. ती हुंदके देत प्यायली, माझ्या मानेवरची वाळू बोटांनी चिवडत. मागे माझ्या सासूबाईंनी तीन वर्षांच्या अबोल्यातल्या एका शेजारणीला पाण्याचा तांब्या विचारला. शेजारणीनं घेतला.

बाबा चार दिवस माझ्याशी फारसं बोलले नाहीत. रागावले नव्हते. पुळणीवर जायचे, होडीच्या फळ्या गोळा करायचे, एकावर एक रचायचे. लवूदादाही यायचा आणि फळीचं दुसरं टोक धरायचा. चौथ्या संध्याकाळी त्यांनी जेवताना मला सांगितलं की डबीला घराघरात वेगळं बोलायला लावू नकोस. जे असेल ते साऱ्या गावाला एकदम सांग, पुळण धरून. ज्याचं घर सुकं राहायचं आहे त्यालाही कळू दे की शेजाऱ्याचं बुडतंय. मी म्हटलं, करते. मी ते त्याच आठवड्यात केलं, आणि केंद्रात त्यावरून थोडं भांडलेही.

मग त्यांनी ताटातला भात एका बाजूला सारला आणि विचारलं, "नवी होडी खय लावूची?"

ज्या माणसानं साऱ्या आयुष्यात होडी कुठं लावायची हे कुणालाही विचारलं नव्हतं, तो मला विचारत होता. मी खरं तेच सांगितलं. 'जुळणी' आता आंधळी आहे, बाबा. तिचं सगळं गणित समुद्राच्या तळावर उभं असतं, आणि वादळानं तळच बदललाय. दांडा पूर्वीच्या जागी नाही. लाटा कुठं फुटतील ते नवा तळ मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि केंद्राची मोजणीची बोट यायला महिने लागतील.

त्यांनी हात धुतले. सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लवूची होडी आसा," ते म्हणाले. "सकाळी जावया."

सकाळी पाणी आरशासारखं होतं. लवूदादानं न कुरकुरता आपली लहान होडी दिली. बाबा वल्ही मारत होते आणि मी शिशाची गोळी बांधलेली दोरी सोडत होते, खोली वाचत होते. पहिल्या काही वेळा गोळी तळाला टेकली की नाही तेच मला कळेना. बाबांनी दोरी कशी धरायची ते दाखवलं. मनगट सैल, बोटं नुसती टेकवून, पोराच्या कपाळाला ताप बघतात तशी. मग कळायला लागलं. जुना दांडा होता तिथं खोल पाणी लागलं. नवा कुठंतरी दक्षिणेला सरकला होता, खाडीच्या वळणाकडे, आणि तो आम्हाला हळूहळू, एकेका गोळीनं सापडत होता. बाबा मध्येच विचारायचे, इकडे लाट आली तर मग कुणीकडे वळेल, आणि मी हवेत हातानं रेघ काढून दाखवायची. एकदा ते म्हणाले, असा नाय, असा. आणि माझी रेघ थोडी वाकवली. आम्ही दोघं त्या न दिसणाऱ्या रेघेकडे बघत राहिलो. कोण बरोबर ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. गोळी सोडली की कळणार होतं.

तेवढ्यात काठावरून हाक आली. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, कडेवर निहिरा, तिचं तोंड रडून लाल झालेलं. समुद्र मोजणं पुरे करा, पोर भुकेजली, असं काहीतरी त्या ओरडत होत्या. अंतरानं निम्मं विरलं तरी उरलेलं पुरेसं होतं.

बाबांनी लगेच होडी वळवली. मी म्हटलं, बाबा, अजून तो दक्षिणेचा तुकडा राहिला.

"ऱ्हवांदे. दांडो खय पळता?"

"पळतो, बाबा. तेच तर आहे. पुढच्या वादळात पुन्हा पळेल."

त्यांनी वल्हं पाण्यात रोवलं आणि काठाकडे पाहिलं. तिथं त्यांची नात दोन्ही हात पसरून आमच्या दिशेनं झेपावत होती आणि सासूबाईंना तिला धरता धरता पुरेवाट होत होती.

"पळांदे," ते म्हणाले. "आपण परत येवया."